फुकट लिनक्स की वर्गणीचं? सर्व्हरसाठी तुलना कोणत्या क्रमाने करायची

कोटेशन हातात पडलं की तुलना सुरू होते, आणि चूकही तिथेच सुरू होते. एका रकान्यात अल्मालिनक्स किंवा डेबियन ही फुकट लिनक्स, समोर शून्य रुपये. दुसऱ्या रकान्यात रेड हॅट किंवा सुसे, समोर सर्व्हरमागे वर्षाची रक्कम आणि खाली १८ टक्के जीएसटी. मग वैशिष्ट्यांची यादी: फायरवॉल, व्हर्च्युअल मशीन, कंटेनर. दोन्हीकडे बरोबरच्या खुणा. साहेब विचारतात, "मग पैसे कशाचे?" उत्तर कुणाकडेच नसतं, कारण तक्त्यात तो प्रश्न कुठे आलेलाच नसतो.

रेड हॅट आणि अल्मालिनक्स यांचा कोड जवळपास एकच आहे, त्यामुळे वैशिष्ट्यं मोजून काही हाती लागत नाही. सुरक्षेची अपडेट कोणत्या पॅकेजांना (सोबत येणाऱ्या सॉफ्टवेअरच्या गठ्ठ्यांना) आणि कोणत्या तारखेपर्यंत मिळणार, तुमचं सॉफ्टवेअर बनवणारी कंपनी त्या व्यवस्थेवर (म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीमवर) तुमची तक्रार ऐकून घेणार का, आणि रात्री अडलं तर फोन कोण उचलणार, हे विचारायचं. किंमत त्यानंतर. पुढचे टप्पे त्याच क्रमाने आहेत, आणि क्रम मोडू नये. किमतीपासून सुरुवात केली की पुढचा सगळा तपास ठरलेल्या उत्तराला पुरावे गोळा करण्यासाठी होतो.

हे सगळं दोन ते वीस सर्व्हर सांभाळणाऱ्यांसाठी आहे: पतसंस्था, कॉलेज, कारखाना, छोटी सॉफ्टवेअर कंपनी. डेस्कटॉपचा विचार इथे नाही. कमांडींची नावं देवनागरीत दिली आहेत, टर्मिनलवर अर्थातच रोमनमध्ये टाइप करायची.

## टप्पा १: आधी आपल्याकडे काय आहे ते लिहून काढा

प्रत्येक सर्व्हरची एक ओळ करा. सध्याची व्यवस्था आणि तिची आवृत्ती (ईटीसी फोल्डरमधली ओएस-रिलीज ही फाइल उघडली की दिसते), प्रोसेसरचं नेमकं मॉडेल, रेड कार्डचं (अनेक डिस्क एकत्र सांभाळणाऱ्या कार्डचं; रेड हॅटशी संबंध नाही) मॉडेल, डेटाबेस, त्यावर चालणारी सॉफ्टवेअर, आणि हा सर्व्हर बंद पडला तर किती तासांत काम ठप्प होईल. शेवटचा रकाना अंदाजाने भरला तरी चालेल, पण रिकामा ठेवू नका. पैसे कुठे घालायचे हे शेवटी तोच सांगतो.

दोन गोष्टी हमखास सुटतात. पहिली म्हणजे क्रॉन जॉब, म्हणजे ठरलेल्या वेळी आपोआप चालणारी कामं. फक्त रूटचा (मुख्य युजरचा) क्रॉनटॅब, म्हणजे त्या कामांची यादी, बघून भागत नाही, प्रत्येक युजरचा आणि ईटीसीमधल्या क्रॉन-डी फोल्डरमधलाही बघा. दुसरी म्हणजे सर्व्हरला जोडलेली उपकरणं: पासबुक प्रिंटर, बायोमेट्रिक हजेरीचं यंत्र, लायसन्सचा यूएसबी डाँगल. यांचे ड्रायव्हर अनेकदा एकाच व्यवस्थेच्या एकाच आवृत्तीसाठी बांधून दिलेले असतात. सगळी तुलना नीट करून शेवटी डाँगलपाशी अडकलेली माणसं मी पाहिली आहेत.

तपासणी: यादी आयटीबाहेरच्या माणसाला दाखवा, शक्यतो अकाउंटच्या. "महिनाअखेरीला आणि ३१ मार्चला यापेक्षा वेगळं काही चालतं का?" एवढंच विचारा. यादीत भर पडतेच.

## टप्पा २: सॉफ्टवेअरवाल्याकडून लेखी उत्तर घ्या

ही पहिली चाळणी. इथेच निम्मे पर्याय गळतात, म्हणून ती सर्वांत आधी.

"चालतं" आणि "सपोर्ट आहे" यांत मोठा फरक आहे. ओरॅकल डेटाबेस १९सी रॉकी या फुकट लिनक्सवर बसवता येतो, चालतोही. पण ओरॅकलच्या प्रमाणित यादीत ओरॅकल लिनक्स, रेड हॅट आणि सुसे आहेत. रॉकी, अल्मा, उबुंटू, डेबियन नाहीत. सॅप हाना हा डेटाबेस तर रेड हॅट आणि सुसे या दोनच लिनक्सवर मान्य आहे. म्हणजे डेटाबेसचा लाखांचा सपोर्ट करार असताना खालची व्यवस्था फुकटची घेतली, तर वाचले असतील तेवढ्या पैशांत तो मोठा करारच लंगडा होतो. उलट तुमचं सॉफ्टवेअर पोस्टग्रेस डेटाबेस आणि पीएचपीवर असेल आणि ते बनवणारा माणूस डेबियनवरच काम करत असेल, तर त्याच्यासाठी रेड हॅट विकत घेणं हा निव्वळ भुर्दंड.

मेलमध्ये हे तीन प्रश्न विचारा, याच शब्दांत विचारले तरी चालेल:

१. आपल्या सॉफ्टवेअरची सध्याची आवृत्ती कोणत्या व्यवस्थेच्या कोणत्या आवृत्तीवर आपण स्वतः तपासली आहे?
२. यादीबाहेरच्या व्यवस्थेवर बिघाड झाला तर आपण तक्रार नोंदवून घेणार, की आधी व्यवस्था बदलायला सांगणार?
३. पुढच्या मोठ्या आवृत्तीवर आपण कधी जाणार आहात?

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर फोनवर गोड मिळतं. फोनवरचं धरू नका.

इशारा: "रेड हॅटशी सुसंगत" असं उत्तर आलं तर ते अपुरं समजा. कोणती मुख्य आवृत्ती, आठ की नऊ की दहा, हे आल्याशिवाय पुढे जाऊ नका.

## टप्पा ३: उरलेले पर्याय चार खणांत टाका

फुकट आणि पैशांचं असे दोनच खण केले की घोटाळा होतो. चार करा.

पहिला, पूर्ण फुकट आणि समुदायाने चालवलेले: डेबियन, अल्मालिनक्स, रॉकी लिनक्स, फ्रीबीएसडी (हे लिनक्स नव्हे, युनिक्सच्या घराण्यातलं). यांनाही पैसे देऊन सपोर्ट मिळतो, फक्त तो तिसऱ्याच कंपनीकडून.

दुसरा, फुकट वापरा, हवं असेल तर त्याच कंपनीकडून सपोर्ट घ्या: उबुंटू आणि ओरॅकल लिनक्स. ओरॅकल लिनक्सची नेहमीची अपडेटही फुकट मिळतात. सर्व्हर न थांबवता कर्नल, म्हणजे व्यवस्थेचा गाभा, दुरुस्त करणारं केस्प्लाइस मात्र पैशांच्या सपोर्टमध्ये येतं.

तिसरा, वर्गणीशिवाय अपडेट नाहीत: रेड हॅट एंटरप्राइज लिनक्स आणि सुसे एंटरप्राइज सर्व्हर. इथे लायसन्स आयुष्यभराचं नसतं. वर्गणी संपली तर सर्व्हर बंद पडत नाही, अपडेट बंद होतात. दुसरी गोष्ट जास्त धोक्याची, कारण ती कुणाच्या लक्षात येत नाही.

चौथा, यंत्रासकट येणारी जुनी युनिक्स: आयबीएमच्या पॉवर सर्व्हरवरचं एआयएक्स, ओरॅकलचं सोलॅरिस, एचपी-यूएक्स. नवीन कामासाठी हा खण बहुतेकांनी उघडायची गरज नाही. आधीच आत असाल तर टप्पा ८ वाचा.

या खणांच्या सीमेवर दोन गैरसमज घट्ट बसले आहेत. सेंटओएस स्ट्रीम म्हणजे जुनं सेंटओएस (रेड हॅटच्या कोडवरून बांधलेलं फुकट लिनक्स), हा पहिला. स्ट्रीम रेड हॅटच्या पुढच्या किरकोळ आवृत्तीच्या (९.४, ९.५ अशा) आधी येतं. जुनं सेंटओएस रेड हॅटच्या मागून येत असे. दुसरा गैरसमज "रेड हॅट सोळा सर्व्हरपर्यंत फुकट" हा. ती डेव्हलपर वर्गणी खरी आहे, प्रॉडक्शनलाही चालते, पण ती व्यक्तीच्या नावाने मिळते. पतसंस्थेचे सर्व्हर इंजिनिअरच्या खासगी खात्यावर नोंदवणं त्यात बसत नाही. उबुंटू प्रो, म्हणजे उबुंटूची वर्गणी, मात्र पाच मशीनपर्यंत छोट्या व्यावसायिक वापरालाही फुकट आहे.

## टप्पा ४: तारखा मांडा, आणि त्या तारखांमागे कोण उभं आहे ते बघा

सेंटओएस ८ सप्टेंबर २०१९ मध्ये आलं तेव्हा २०२९ पर्यंत अपडेट मिळतील असं धरून लोकांनी सर्व्हर उभे केले. डिसेंबर २०२० मध्ये जाहीर झालं की ते ३१ डिसेंबर २०२१ रोजी बंद होणार. सात वर्षांहून जास्त मुदत एका घोषणेत गेली. फुकट व्यवस्थेची तारीख हा करार नसतो, इरादा असतो. म्हणून तारखेच्या शेजारी आणखी एक रकाना हवा: हा इरादा कुणाचा आहे?

सेंटओएसची किल्ली एका कंपनीच्या, रेड हॅटच्या, हातात होती. त्या धक्क्यानंतर २०२१ मध्ये आलेली अल्मा आणि रॉकी या दोन्ही आपापल्या फाउंडेशनकडे आहेत. डेबियन १९९३ पासून स्वयंसेवकांच्या समुदायाकडे आहे आणि कुणी एक कंपनी ते गुंडाळू शकत नाही. माझ्या लेखी हा मुद्दा एखाद्या वर्षाच्या जास्त मुदतीपेक्षा वजनदार आहे.

तारखा अशा आहेत. रेड हॅट, अल्मा आणि रॉकी: ८ ची मुदत मे २०२९, ९ ची मे २०३२. उबुंटू २२.०४ ची फुकट मुदत २०२७ पर्यंत, २४.०४ ची २०२९ पर्यंत. प्रो घेतलं तर दोन्हीकडे आणखी पाच वर्षं. डेबियनच्या प्रत्येक आवृत्तीला साधारण तीन वर्षं मुख्य सुरक्षा पथकाकडून आणि पुढची दोन एलटीएस (जादा मुदतीची अपडेट देणाऱ्या) गटाकडून, म्हणजे ऑगस्ट २०२५ मध्ये आलेलं डेबियन १३ हे २०३० पर्यंत. फ्रीबीएसडीमध्ये मुख्य शाखेची मुदत मोठी दिसते, पण प्रत्येक किरकोळ आवृत्ती पुढची आल्यावर तीन महिन्यांत संपते. तिथे सतत पुढे सरकत राहावं लागतं.

किरकोळ आवृत्तीचा हा मुद्दा लिनक्समध्येही आहे, आणि पैशांचा एक खरा फरक इथे दिसतो. रॉकीमध्ये ९ ची नवी किरकोळ आवृत्ती आली की जुनीला अपडेट थांबतात. रेड हॅटमध्ये जादा पैसे देऊन ठरावीक किरकोळ आवृत्त्यांवर दोन वर्षं थांबता येतं. तुमचं सॉफ्टवेअर "फक्त ९.४ वरच" असं म्हणणारं असेल तर ही सोय लागेल. नसेल तर ती सोय कोटेशनमधून काढायला सांगा.

तपासणी: नवीन सर्व्हरचं यंत्र किती वर्षं वापरणार? त्यात एक वर्ष मिळवा. व्यवस्थेची मुदत त्याआधी संपत असेल तर मधे एक स्थलांतर येणार, आणि त्याचा खर्च टप्पा ७ मध्ये धरायचा.

## टप्पा ५: अपडेट नक्की कशाला मिळतात ते तपासा

सर्वांत जास्त चुका इथे होतात.

उबुंटूचं उदाहरण घ्या. "पाच वर्षं फुकट अपडेट" हे वाक्य मेन या पॅकेजांच्या भांडारापुरतं आहे. युनिव्हर्स नावाचं दुसरं, कितीतरी मोठं भांडार समुदायावर सोडलेलं आहे. त्याची सुरक्षा अपडेट कॅनॉनिकलकडून (उबुंटूच्या कंपनीकडून) हमखास हवी असतील तर प्रो लागतं. एफएफएमपेग, नोड जेएस, पीएचपीमायॲडमिन ही सगळी युनिव्हर्समधली. सर्व्हरवर 'प्रो सिक्युरिटी-स्टेटस' ही कमांड चालवा. मेनमधली किती पॅकेजं, युनिव्हर्समधली किती, बाहेरून आणलेली किती, असा हिशोब ती मांडते. युनिव्हर्सचा आकडा मोठा आला आणि प्रो जोडलेलं नसेल, तर तुमची "पाच वर्षं" त्या पॅकेजांना लागू नाहीत.

रेड हॅटवाल्यांचा असाच खड्डा म्हणजे एपेल हे जादा पॅकेजांचं भांडार. वर्गणी भरली, सपोर्ट आला, आणि मग हवी ती पॅकेजं मूळ भांडारात नाहीत म्हणून एपेल जोडलं. एपेल फेडोरा समुदाय चालवतो. रेड हॅटचा सपोर्ट त्याला नाही. 'डीएनएफ लिस्ट इन्स्टॉल्ड' चालवून शेवटच्या रकान्यात कोणतं पॅकेज कुठून आलं ते बघा. महत्त्वाचं सॉफ्टवेअरच एपेलमधून येत असेल, तर पैसे भरताय एका गोष्टीचे आणि भिस्त ठेवलीय दुसरीवर.

दुसरी चूक आवृत्तीच्या आकड्यांची. ओपनएसएसएच, म्हणजे दुरून सर्व्हरवर लॉगिन करायचं सॉफ्टवेअर, घ्या. "डेबियनमध्ये ओपनएसएसएच जुनं, फ्रीबीएसडीमध्ये नवं, म्हणून फ्रीबीएसडी सुरक्षित" अशी तुलना लोक करतात. जुलै २०२४ मधली रेग्रेशएसएसएच ही त्रुटी आठवा. ती मूळ प्रकल्पात ९.८ आवृत्तीत दुरुस्त झाली. रेड हॅट ९ मध्ये ओपनएसएसएच ८.७ होतं आणि त्याला ती लागू होती. रेड हॅट ८ मध्ये त्याहूनही जुनं ८.० होतं, आणि त्याला ती लागूच नव्हती, कारण चूक ८.५ मध्ये शिरली होती. आणि रेड हॅट ९ ने दुरुस्ती केली तेव्हा ९.८ आणलं नाही, ८.७ मध्येच ठिगळ लावलं. बाहेरचा आकडा तोच राहिला. एंटरप्राइज व्यवस्था, फुकट असोत वा पैशांच्या, अशाच चालतात.

त्यामुळे ऑडिटरच्या स्कॅनरने "ओपनएसएसएच जुनं" म्हणून लाल शेरा मारला तर घाबरून मूळ कोडवरून नवीन आवृत्ती बांधू नका. तसं केलं की त्या पॅकेजची पुढची सगळी अपडेट तुमच्या गळ्यात पडतात. रेड हॅटच्या घराण्यात 'आरपीएम -क्यू --चेंजलॉग' आणि पुढे पॅकेजचं नाव, असं चालवून त्यात त्रुटीचा सीव्हीई क्रमांक (त्रुटींच्या सार्वजनिक यादीतला) शोधा. सापडला तर दुरुस्ती आलेली आहे. तो उतारा ऑडिटरला द्या.

इशारा: एफआयपीएससारखं (एन्क्रिप्शनच्या अमेरिकी सरकारी मानकाचं) प्रमाणपत्र मागणारा ग्राहक असेल तर आत्ताच बघा. उबुंटूमध्ये ती पॅकेजं प्रोमध्येच आहेत. फुकट व्यवस्थेत तोच कोड असला तरी प्रमाणपत्र आपोआप लागू होत नाही. ते ज्याने चाचणी करून घेतली त्याच्या बांधणीचं असतं.

## टप्पा ६: यंत्र जुनं असेल तर

इथे कधीकधी फुकटचा पर्याय पैशांच्या पर्यायाला मागे टाकतो, आणि कोटेशन देणारा हे सांगत नाही.

रेड हॅट १० ला प्रोसेसरमध्ये एव्हीएक्स२ सह तिसऱ्या पातळीच्या सूचना लागतात. २०१३ च्या हॅसवेल पिढीआधीचे इंटेल झिऑन त्यात बसत नाहीत. ई५ मालिकेतले व्ही२ वाले अजून कितीतरी ठिकाणी चालू आहेत. 'एलएससीपीयू' चालवा आणि फ्लॅग्जच्या ओळीत एव्हीएक्स२ शोधा. नसेल तर रेड हॅट १० विसरा. अल्मालिनक्स १० ने मात्र जुन्या प्रोसेसरसाठी दुसऱ्या पातळीची वेगळी बांधणी ठेवली आहे.

रेड कार्डांचंही तसंच. रेड हॅटने ८ आणि ९ मध्ये कित्येक जुन्या कार्डांचा आधार काढला. अल्मालिनक्सने ९.४ पासून त्यातली बरीच परत चालू केली. लक्षण ठरलेलं: इन्स्टॉलर सुरू होतो, सगळं ठीक दिसतं, आणि डिस्क निवडायच्या पानावर डिस्कच नसते.

तपासणी: खरेदीआधी त्याच यंत्रावर पेनड्राइव्हवरून इन्स्टॉलर डिस्कच्या पानापर्यंत चालवून बघा. तिथून मागे फिरलात तर डेटाला धक्का लागत नाही. पुढच्या पानावर मात्र हात आवरा.

## टप्पा ७: आता किंमत

पाच वर्षांचा हिशोब करा, एका वर्षाचा नको. पैशांच्या बाजूला वर्गणी, जीएसटी, आणि नूतनीकरणाच्या वेळी वाढणारी रक्कम. ज्या संस्थेला इनपुट क्रेडिट मिळत नाही तिच्यासाठी जीएसटी हा खर्चच आहे. फुकटच्या बाजूला बाहेरच्या सल्लागाराचे पैसे, लागले तर.

आणि माणसाचा वेळ दोन्ही बाजूंना लिहा. विक्रेत्याच्या तक्त्यात तो नेहमी फुकटच्या रकान्यातच दिसतो. दर महिन्याला अपडेट लावणं, आधी चाचणी सर्व्हरवर बघणं, रीबूटसाठी रविवारी थांबणं, बॅकअप परत आणून तपासणं, यातलं काहीही वर्गणी भरल्याने टळत नाही. वर्गणी वाचवते ते अडकलेले तास. गेल्या दोन वर्षांत व्यवस्थेच्याच बिघाडामुळे, म्हणजे तुमच्या सॉफ्टवेअरमुळे नव्हे, किती वेळा अडकलात ते आठवा. बहुतेक छोट्या संस्थांत हा आकडा फार छोटा निघतो.

मोजणीचं एकक नीट वाचा. रेड हॅटची नेहमीची सर्व्हर वर्गणी दोन सॉकेटच्या (प्रोसेसर बसवायच्या जागांच्या) एका यंत्राला किंवा दोन व्हर्च्युअल मशीनला लागू होते. एका यंत्रावर पाच व्हर्च्युअल मशीन असतील तर तीन वर्गण्या. त्यापुढे संख्या गेली की अमर्याद व्हर्च्युअल मशीनची वेगळी वर्गणी स्वस्त पडते का ते विचारा. चाचणीचे सर्व्हरही मोजा.

सपोर्टची पातळी तर हमखास चुकते. पैसे भरले म्हणजे फोन उचलला जाणार असं नाही. रेड हॅटच्या सेल्फ-सपोर्टमध्ये फोन नाही, स्टँडर्डमध्ये कामाच्या वेळेत, आणि रात्री-बेरात्री गंभीर बिघाडाला उत्तर फक्त प्रीमियममध्ये. उबुंटू प्रोच्या मूळ किमतीतही फोन नसतो, तो वेगळा घ्यावा लागतो. टप्पा १ मधला "किती तासांत ठप्प" हा रकाना आता काढा. ज्या सर्व्हरसमोर दोन तास लिहिलंय त्याला स्टँडर्ड घेऊन उपयोग नाही. ज्याच्यासमोर दोन दिवस लिहिलंय त्याला प्रीमियम कशाला?

म्हणूनच तिसरा रकाना करा: मिश्र मांडणी. डेटाबेसला वर्गणी, वेब सर्व्हर आणि फाइल सर्व्हर अल्मा किंवा डेबियनवर. बहुतेक ठिकाणी मला हीच पटते.

इशारा: एका वर्गणीतून उतरवलेली अपडेट वर्गणी नसलेल्या दुसऱ्या रेड हॅट सर्व्हरवर चढवू नका. तांत्रिकदृष्ट्या जमतं, करारात बसत नाही.

## टप्पा ८: जुन्या युनिक्सवरून बाहेर पडत असाल तर

एचपी-यूएक्स ११आय व्ही३ चा नियमित सपोर्ट ३१ डिसेंबर २०२५ रोजी संपला. एआयएक्स आणि सोलॅरिस जिवंत आहेत, घाई नाही. पण स्थलांतर ठरलं असेल तर "युनिक्स ते युनिक्स, फाइली कॉपी करू" हा विचार सोडा.

एआयएक्स, एचपी-यूएक्स आणि स्पार्कवरचं सोलॅरिस बिग-एंडियन आहेत. इंटेल-एएमडीवरचं लिनक्स लिटल-एंडियन. एकाच आकड्याचे बाइट दोन्हीकडे उलट क्रमाने साठवले जातात. डेटाबेसच्या फाइली जशाच्या तशा उचलून चालणार नाहीत; एक्सपोर्ट करून इम्पोर्ट करावं लागेल. कोबोल किंवा सीमध्ये लिहिलेल्या बायनरी फाइलींनाही हेच लागू, आणि तिथे आकडे बिनतक्रार चुकीचे वाचले जातात. एरर येत नाही, शिल्लक चुकते.

स्क्रिप्टही तपासा. एआयएक्सवरचा कॉर्न शेल (कमांडी वाचून चालवणारा प्रोग्राम) जुन्या ८८ च्या वळणाचा. उबुंटू आणि डेबियनवर 'एसएच' म्हणजे डॅश, रेड हॅटवर बॅश. बॅशच्या सवयीने लिहिलेली स्क्रिप्ट डॅशवर मोडते. फ्रीबीएसडीवर बॅश आधीपासून नसतोच, आणि 'सेड -आय' ला तिथे बॅकअपचं शेपूट वेगळं द्यावं लागतं. कालची तारीख काढायला 'डेट -डी' वापरलं असेल तर ते जीएनयूचं आहे, बाकी युनिक्सवर चालेलच असं नाही.

## टप्पा ९: दोन पर्याय उरले की चाचणी

एक पूर्ण महिना, म्हणजे एक महिनाअखेर आत आलीच पाहिजे. खऱ्या डेटाची प्रत घ्या, ग्राहकांचे मोबाइल आणि आधार क्रमांक पुसून. मग या क्रमाने:

१. कोरं इन्स्टॉलेशन, मग सगळी अपडेट, मग रीबूट. रीबूट न करता पुढे गेलात तर तुम्ही जुन्याच कर्नलवर चाचणी करताय.
२. एसईलिनक्स किंवा ॲपआर्मर (प्रोग्रामांना मर्यादेत ठेवणारी सुरक्षा) चालू ठेवून सॉफ्टवेअर बसवा. "आधी बंद करा" असं सांगणाऱ्या विक्रेत्याला कारण लेखी मागा.
३. डेटा आणा.
४. टप्पा १ मधले सगळे क्रॉन जॉब आणि सगळी उपकरणं.
५. बॅकअप घ्या, दुसऱ्या यंत्रावर परत आणा.

तिसऱ्या पायरीवर मराठी डेटावाल्यांनी थांबायचं आहे. पोस्टग्रेस अक्षरांची क्रमवारी बहुधा ग्लिबसीकडून, म्हणजे लिनक्सच्या मूळ लायब्ररीकडून, घेतं. २०१८ च्या ग्लिबसी २.२८ मध्ये क्रमवारीचे नियम मोठ्या प्रमाणावर बदलले. सेंटओएस ७ वर २.१७ होतं, रेड हॅट ८ वर २.२८ आहे. जुन्या सर्व्हरवरचं पोस्टग्रेसचं डेटा फोल्डर तसंच उचलून नव्यावर ठेवलं तर जुन्या क्रमाने बांधलेले इंडेक्स नव्या नियमाने वाचले जातात. नावाने शोधलं तर असलेला खातेदार सापडत नाही, आणि एकमेव असायला हवी ती नोंद दोनदा शिरते. हे फुकट आणि पैशांच्या दोन्ही व्यवस्थांत सारखंच होतं. उपाय: पीजी-डम्पने डेटा काढून नव्याने भरा, फोल्डर उचललंच असेल तर कुणाला आत सोडण्याआधी सगळे इंडेक्स रीइंडेक्स करा.

तपासणी: जुन्या आणि नव्या सर्व्हरवर खातेदारांची यादी नावाच्या क्रमाने काढा आणि 'डिफ' ने ताडून बघा. फरक कुठे आहे ते डोळ्यांसमोर येतं.

लॉगचंही (सर्व्हरवरच्या घडामोडींच्या नोंदींचं) याच महिन्यात उरका. सर्ट-इनच्या (केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या) २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार लॉग १८० दिवस ठेवायचे आहेत. उबुंटू असो वा वर्गणीचं रेड हॅट, जुने लॉग काढून टाकणाऱ्या लॉगरोटेटची मूळ मांडणी आठवड्याला एक अशा चार फाइली ठेवते. विकत घेतलेली व्यवस्था आपोआप नियमात बसते या भ्रमात राहू नका. ती ओळ तुम्हालाच बदलायची आहे.

## टप्पा १०: सही करण्याआधी

सपोर्ट विकत घेणार असाल तर चाचणीच्या काळातच एक खरी तक्रार नोंदवा, मुद्दाम सोपी नसलेली. पहिलं उत्तर किती वेळात आलं यापेक्षा ते छापील होतं की तुमचे लॉग वाचून दिलेलं होतं ते बघा. फुकट घेणार असाल तर तोच प्रश्न त्या समुदायाच्या चर्चेत शोधा. त्यावर आधी कुणी काय बोललंय ते सापडलं तर तो तुमचा सपोर्ट.

बाहेर पडायची वाट कागदावर लिहा. रेड हॅटच्या घराण्यात ती सोपी आहे. अल्मा, रॉकी किंवा ओरॅकल लिनक्सवरून त्याच मुख्य आवृत्तीच्या रेड हॅटवर जायला कन्व्हर्ट२आरएचईएल आहे. उलट दिशेला अल्मालिनक्स-डिप्लॉय आणि मायग्रेट२रॉकी. म्हणजे आज अल्मावर सुरुवात करून दोन वर्षांनी वर्गणी घ्यावीशी वाटली तर सर्व्हर पुसावा लागत नाही. डेबियन-उबुंटूकडून रेड हॅटकडे अशी वाट नाही, तिथे नवं इन्स्टॉलेशनच. सॉफ्टवेअरवाल्याचं तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर अजून धूसर असेल तर मी रेड हॅटच्या घराण्यातला फुकट पर्याय निवडेन.

शेवटचं काम खात्याचं. वर्गणीची नोंदणी संस्थेच्या मेलवर करा, आयटी विभागाच्या सामायिक पत्त्यावर. ती इंजिनिअरच्या खासगी जीमेलवर असेल आणि तो नोकरी सोडून गेला, तर नूतनीकरणाची सूचना त्यालाच जात राहते, आणि इकडे सर्व्हर महिनोन्‌महिने अपडेटशिवाय चालू राहतो.